निर्लेखनापूर्वी

महाविद्यालयांच्या कार्यालयीन व्यवहारात 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. डेडस्टॉक नोंदवहीत चढलेली एखादी वस्तू निकामी झाली की समिती नेमली जाते, समिती पाहणी करते, ठराव होतो, नोंदीवर तांबड्या शाईची रेघ ओढली जाते आणि वस्तू भंगारात जाते. भाषेच्या अध्यापकाला हा शब्द खटकावा असा आहे. लिहिलेले रद्द करणे हा त्याचा सरळ अर्थ, आणि एकदा नोंद रद्द झाली की ती वस्तू कशासाठी होती हेही कोणी विचारीत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाविद्यालयांच्या भाषा विभागांतून जी यंत्रे या रेघेखाली गेली, त्यांत रेकॉर्ड प्लेयर होते, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर होते, कॅसेट डेक होते. त्यांच्या जागी संगणक आणि प्रोजेक्टर आले. ते यायलाच हवे होते. मात्र बाहेर जाणाऱ्या यंत्रांविषयी मराठीच्या अध्यापकाला काही मत असू शकते, असे समितीला वाटत नाही, आणि बहुतेक वेळा त्या अध्यापकालाही वाटत नाही.

आम्हांला मात्र मत आहे, आणि ते असे: टाकून दिलेले जुने स्टिरिओ मिळवणे, ते दुरुस्त करणे आणि चालते ठेवणे हा मराठीच्या अभ्यासाचाच एक भाग मानला पाहिजे. विसाव्या शतकातील मराठीचा मोठा हिस्सा कागदावर उतरलेला नाही. तो तबकड्यांवर आणि फितींवर आहे. पोथी वाचण्यासाठी मोडी यावी लागते, हे आपण मान्य करतो. फीत वाचण्यासाठी डेक चालू असावा लागतो, हे मात्र आपण तांत्रिक प्रश्न म्हणून दुसऱ्या विभागाकडे ढकलतो.

या विषयाभोवती एक गैरसमज आहे, तो आधी दूर केला पाहिजे. जुना स्टिरिओ म्हटले की दोन प्रकारची माणसे डोळ्यांसमोर येतात. एक, दिवाणखान्यात शोभेची वस्तू हवी असलेला श्रीमंत. दोन, ध्वनीच्या गुणवत्तेविषयी रात्रंदिवस वाद घालणारा दर्दी. या दुसऱ्या वर्गाची दैवते ठरलेली आहेत. १९५४ सालचे गॅरार्ड ३०१ हे इंग्लिश टर्नटेबल, १९७२ साली आलेले, २०१० मध्ये बंद पडलेले आणि २०१६ मध्ये पुन्हा बनू लागलेले टेक्निक्स एसएल-१२००, सत्तरच्या दशकातील मारांट्झ आणि सान्सुईचे अ‍ॅम्प्लिफायर. त्यांच्या किमती आणि त्यांचे वाद त्यांना लखलाभ होवोत. आम्ही बोलतो आहोत ते सामान्य घरातल्या यंत्रांविषयी: एचएमव्हीचा छोटा फिएस्टा, फिलिप्सचा टेपरेकॉर्डर, नात्यातल्या कोणी आखातातून आणलेला जपानी डेक, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गल्लीतल्या मेकॅनिकने जुळवलेला बिनानावाचा अ‍ॅम्प्लिफायर. यांना लिलावात किंमत नाही, म्हणून ती सर्वांत आधी भंगारात जातात. मराठी ऐकली गेली ती बहुतांशी याच यंत्रांवर.

आम्ही राहतो त्या उलव्यात या प्रश्नाला एक निराळी धार आहे. उलवे ही पनवेल तालुक्यात सिडकोने आखलेली वसाहत. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विमाने उडू लागली. या काळात उलव्यात दोन प्रकारची स्थलांतरे एकमेकांशेजारी घडली. गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या घरांतून माणसे इथल्या नव्या इमारतींत आली. जुन्या घराला पोटमाळा होता, नव्या घराला तो नाही. पोटमाळ्यावरची पेटी ट्रकमधून इथवर येते, काही महिने गॅलरीत राहते, मग जिन्याखाली येते, आणि दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

दुसरे स्थलांतर अधिक खोल आहे. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे आणि खुद्द जुने उलवे अशा दहा वस्त्या उठल्या. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. विस्थापितांच्या मोबदल्याविषयी, भूखंडांविषयी, विमानतळाच्या नावाविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. आगरी-कोळी घरांतल्या लाकडी कपाटावर लोकरीच्या विणकामाखाली झाकून ठेवलेल्या स्टिरिओचे आणि त्याच्या खणातल्या कॅसेटींचे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही पंचनाम्यात येण्याजोगा नव्हता. पंचनाम्यात घर येते, झाड येते, विहीर येते. हळदीच्या रात्री धवलारणीने म्हटलेले धवले येत नाहीत.

भंगारवाल्याला या व्यवहारात खलनायक करण्याचे कारण नाही. त्याचे गणित स्वच्छ आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबे असते, ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या पट्टीत अ‍ॅल्युमिनियम असते, स्पीकरच्या मागे चुंबक असतो. लाकडी पेटीला भाव नाही म्हणून ती फोडली जाते. तो वजनावर घेतो आणि वजनावर विकतो. उलट, वस्तू कचऱ्यात न जाता त्याच्या गाडीवर दोन-चार दिवस थांबते, आणि वेळेवर विचारले तर तो ती तांब्याच्या भावापेक्षा थोडे अधिक घेऊन देऊनही टाकतो. आमच्या हाती आलेली बरीचशी यंत्रे याच वाटेने आलेली आहेत.

त्यांतल्या एका डेकचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण आमचे मत त्यावरून स्पष्ट होईल. एका इमारतीच्या पार्किंगमध्ये तो पडून होता. झाकण उघडेना, कारण आत कॅसेट अडकलेली होती. डेकच्या आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. दोन-तीन दशके वापराविना पडलेल्या डेकमध्ये असे सर्रास होते. कॅसेटवर बॉलपेनने एका गावाचे नाव आणि 'हळद' एवढेच लिहिलेले होते. ते गाव वर सांगितलेल्या दहांपैकी एक. पट्टा बदलून, पुली स्पिरिटने पुसून, फीत एका नव्या कॅसेटच्या खोक्यात भरून ती लावली तेव्हा दोन वृद्ध स्त्रियांचे धवले ऐकू आले, मधूनमधून जनरेटरची घरघर आणि कोणाला तरी दिलेली हाक. शोध घेऊन कॅसेट त्या कुटुंबाकडे पोहोचवली. प्रत कोणी ठेवायची आणि कोणाला ऐकवायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, असे आम्ही मानतो. मुद्दा असा की या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. कोळीगीतांच्या व्यावसायिक कॅसेटी हजारोंनी निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच आज महाजालावर सापडतात. घरात मुद्रित केलेली हळद तिथे सापडत नाही. ती एकुलत्या एका हस्तलिखितासारखी असते.

आणि अशी हस्तलिखिते फक्त घरांत आहेत असे नाही. लोकसाहित्यावर एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या अभ्यासकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत खेडोपाडी फिरून जे संकलन केले, ते कॅसेटींवरच केले. प्रबंधाच्या परिशिष्टात गीतांची संहिता छापली गेली. कॅसेटी कपाटात गेल्या. संहितेत चाल नसते, थांबे नसतात, गाणारी कुठे अडखळली आणि शेजारणीने कुठे शब्द पुरवला हे नसते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन झाले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या संहिता, अनुवाद आणि जिथे उपलब्ध आहे तिथे आवाजासह प्रसिद्ध होत आहेत. ज्या ओवीसोबत आवाज आहे ती आणि जिच्यासोबत तो नाही ती, अशा दोन लागोपाठ वर्गात घेऊन पाहाव्यात. विद्यार्थ्यांना लोकसाहित्याची मौखिकता समजावून सांगण्यासाठी मग निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

जगभरातील ध्वनिसंग्रहालये या संकटाविषयी बराच काळ सांगत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली एक निवेदन काढले, त्याचे शीर्षकच 'अंतिम मुदत २०२५' असे होते. चुंबकीय फितींवरचे जे २०२५ पर्यंत संगणकीय रूपात आले नसेल, ते बहुधा कायमचे जाईल, असा त्याचा आशय. २०१९ साली युनेस्कोने आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटनेसह याच स्वरूपाचा इशारा दिला. या इशाऱ्यांतली महत्त्वाची गोष्ट अशी की फिती नष्ट होतील ही भीती त्यांत होतीच. पण त्याहून मोठी भीती होती ती चालती यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपण्याची. ती मुदत आता उलटून गेली आहे. आपल्या विभागांच्या कपाटांना मात्र अशी काही मुदत होती याची वार्ताच नव्हती.

आता दुरुस्तीविषयी. हे काम जे करतात त्यांची एक शिस्त असते आणि तिचा पहिला नियम असा की वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला लावायचे नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळानुसार वाळतात. एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटू शकतात आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. म्हणून जुने मेकॅनिक मध्ये एक साधा साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा दिवा जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बटण बंद करावे. यंत्र बंद असतानाही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार साठलेला असू शकतो. म्हणून हा मुलांचा खेळ नव्हे, आणि जाणत्या माणसाशिवाय हात घालण्याचे काम नव्हे, हेही इथे सांगून ठेवले पाहिजे.

त्यानंतरचे निदान मात्र कानाने होते, आणि इथे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे काही आहे. मेकॅनिकची परिभाषा नादानुकारी शब्दांची असते. 'घरघर' म्हणजे वीजपुरवठ्यातील कपॅसिटर गेले. 'खरखर', आणि तीही फक्त आवाजाचे बटण फिरवताना, म्हणजे बटणाच्या आतल्या पट्टीवर धूळ आणि गंज. 'कडकड' म्हणजे डाखाचा सांधा सुटलेला किंवा ट्रान्झिस्टर बिघडलेला. 'फरफर' म्हणजे स्पीकरचा कागद किंवा त्याच्या कडेचा फोम फाटलेला. आवाज लाटेसारखा हेलकावत असेल तर डेकमधील रबरी रूळ कडक झालेला किंवा पट्टा सैल पडलेला. आपण नादानुकारी शब्द व्याकरणाच्या एका छोट्या प्रकरणात शिकवतो आणि उदाहरणे देतो ती पाखरांची आणि पावसाची. एका व्यवसायाने त्या शब्दांतून रोगनिदानाची काटेकोर परिभाषा घडवली, तिची नोंद आपल्या कोशांत नाही. ती बोलणारे मेकॅनिक आज साठीच्या आणि सत्तरीच्या घरात आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून 'रेडिओ अँड टीव्ही मेकॅनिक' हा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेली ही पिढी. तिच्यानंतर या कामाकडे फारसे कोणी वळले नाही.

दुरुस्ती ही वाचनाचीच क्रिया आहे असे आम्ही म्हणतो ते अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कॅसेट डेकच्या हेडशेजारी एक लहानसा स्क्रू असतो. त्याने हेडचा फितीशी असलेला कोन ठरतो. फीत ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचा कोन थोडा कललेला असेल आणि आपल्या डेकचा सरळ असेल, तर उंच कंप्रतेचे ध्वनी गळतात. भाषेच्या दृष्टीने हे उंच कंप्रतेचे ध्वनी म्हणजे मुख्यतः घर्षक आणि अर्धस्पर्श: स, श, आणि दंत्य व तालव्य असे दोन्ही च. म्हणजे 'चार' या शब्दातला च आणि 'चांगला' मधला च यांतील फरक ऐकू येणे वा न येणे हे त्या स्क्रूच्या पाव फेऱ्यावर अवलंबून असू शकते. एखाद्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेविषयी फितीवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने हा स्क्रू फिरवून पाहिलेला नसेल, तर त्याने बोलीचे वर्णन केले आहे की बिघडलेल्या हेडचे, असा प्रश्न रास्तपणे विचारता येतो.

तबकड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न गतीचा आहे. ७८ फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी तबकडी नेहमी ७८ फेऱ्यांचीच असते असे नाही. विद्युत-ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले आणि गती हळूहळू प्रमाणित झाली. त्याआधीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या गतींनी मुद्रित झालेल्या आढळतात. गतीत साधारण सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ च्या सुमारास गायलेल्या आणि पुन्हा तीसच्या दशकात गायलेल्या तबकड्यांची तुलना करताना आधीच्या तबकड्यांची गती पारखून घेतली नाही, तर वयाने आवाजात पडलेला फरक कोणता आणि यंत्राने पाडलेला कोणता हे सांगता येणार नाही. संगीत नाटकाविषयी लिहिणाऱ्यांनी 'पातळ आवाज', 'लयीची घाई' असे जे शेरे तबकड्यांवरून मारले आहेत, त्यांतले किती गायक-नटाविषयी आहेत आणि किती चुकीच्या गतीविषयी, हे कधीतरी तपासले पाहिजे. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावतात, म्हणून रंगभूमीवर लांबत जाणारे पद तिथे आखूड होते, हे आपण शिकवतो. गतीचे मात्र सांगत नाही.

परदेशातून आलेल्या यंत्रांचा आणखी एक घोळ असतो. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, आपल्याकडे पन्नास. विजेच्या आवर्तनांवर चालणारी मोटर असलेले अमेरिकन टर्नटेबल नातलगाने आणून दिले आणि केवळ व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केले, तर ते सहाऐवजी पाच फेरे घेते. काळी एकमध्ये गाणारा गायक मग खालच्या काळी पाचमध्ये गाऊ लागतो. अशा यंत्रावरून संगणकात उतरवलेले गाणे पुढे शेकडो जण ऐकतात. सुईचेही तसेच. जुन्या लाखेच्या तबकडीच्या खोबणीला लागणारी सुई विनायल तबकडीच्या सुईपेक्षा तीन-चार पट जाड असते; चुकीची सुई लावली तर आवाज तर बिघडतोच, तबकडीही बिघडते. जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर 'मोनो' असे एक बटण असे. ते दाबले की दोन्ही वाहिन्या एकत्र येतात, आणि स्टिरिओपूर्व तबकड्यांच्या बाबतीत सुईच्या वरखाली हलण्याने येणारी बरीचशी खरखर परस्परांत विरून जाते. आवाज तेवढा राहतो. आजच्या स्वस्त, शोभेच्या रेकॉर्ड प्लेयरांवर हे बटण बहुधा नसते.

शोभेच्या वस्तूंचा उल्लेख आला म्हणून त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. जुन्या स्टिरिओची दुसरी गत भंगाराइतकीच वाईट आहे. पेटी ठेवायची, आतले सगळे काढून टाकायचे आणि ब्लूटूथ स्पीकर बसवायचा. बाहेरून साठच्या दशकातला रेडिओग्राम, आतून मोबाईलचा भोंगा. चोरबाजारात पितळी कर्ण्याचे नवे कोरे 'जुने' ग्रामोफोन मिळतात, त्यांचीही जात हीच. महाराष्ट्रात मंदिरांचा जीर्णोद्धार अनेकदा ज्या पद्धतीने होतो, म्हणजे काळ्या दगडावर ऑइल पेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत फरश्या, त्याच वृत्तीचे हे यंत्ररूप. म्हणून आम्हांला जीर्णोद्धारापेक्षा 'डागडुजी' हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. जे फाटले तेवढेच शिवायचे.

फाटले काय आणि शिवायचे किती, हे ठरवणे मात्र सोपे नाही, आणि इथेच आपल्या विद्याशाखेचा या कामाशी खरा संबंध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण झाले. त्या कामाने आणि मराठीत अ. का. प्रियोळकरांसारख्या अभ्यासकांनी आपल्याला एक शिस्त घालून दिली: उपलब्ध पाठांत सर्वाधिक आधार असलेला स्वीकारावा, स्वतःच्या आवडीने भर घालू नये, आणि जे बाजूला ठेवले ते तळटीपेत नोंदवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आपला निर्णय तपासता येईल. चांगला दुरुस्तीकार नेमके हेच करतो. वाळलेला कपॅसिटर बदलावाच लागतो. तो त्याच क्षमतेचा, आणि तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टेजचा घालतो. एखादा रेझिस्टर अजून बरोबर मूल्य दाखवत असेल तर जुना दिसतो म्हणून तो काढत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरात एके काळी बनवलेले व्हॉल्व्ह आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टर आज बनत नाहीत. त्यांच्या जागी दुसरे बसवताना मंडलात काय बदल केला हे तो कागदावर लिहितो, आणि काढलेले भाग पिशवीत घालून तो कागद आणि ती पिशवी पेटीच्या आतच चिकटवून ठेवतो. ही त्याची तळटीप. सगळेच मेकॅनिक असे करतात असे नाही, जसे सगळेच संपादक पाठभेद देतात असे नाही. पण शिस्त अस्तित्वात आहे आणि ती ओळखण्याची दृष्टी आपल्याजवळ असायला हवी.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सगळे आता महाजालावर आहे. वर सांगितलेली हळद तिथे नाही, प्रबंधांच्या कॅसेटी तिथे नाहीत, आणि जे आहे ते कोणत्या गतीने, कोणत्या सुईने, कोणत्या प्रतीवरून उतरवले याची नोंद क्वचितच असते. स्रोत न सांगणाऱ्या छापील संहितेला आपण संशोधनात प्रमाण मानत नाही. आवाजाच्या बाबतीत तो नियम शिथिल करण्याचे कारण नाही. शिवाय एखादी फीत संगणकात आणायची तरी एकदा ती चांगल्या डेकवर वाजवावीच लागते. दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. तो काही अंशी खरा आहे. जुन्या आवाजाच्या 'उबे'विषयी जे भाबडे लेखन होते त्याचा आम्हांलाही कंटाळा आहे. पण कपाटातली फीत वाजते की नाही, या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. त्यात रंजन कुठे नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा आणि जागेचा. तो सर्वांत गंभीर आहे, कारण बहुतेक विभागांना पुस्तकांसाठीच पैसे पुरत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक यंत्र वाचवा असे म्हणत नाही. दोन मृत डेकांतून एक जिवंत डेक होतो आणि दुसरा सुट्या भागांसाठी राहतो. काही यंत्रे त्याच कामाची असतात. जे उरेल ते ई-कचऱ्याच्या रीतसर वाटेने जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत कचऱ्याचे पुनर्चक्रण करणाऱ्यांबरोबर वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्यांनाही जागा दिलेली आहे, हे कार्यालयांच्या लक्षात आणून देता येईल.

या कामाला परंपरा नाही असेही नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने, आणि तिचे मानद सचिव म्हणून काम पाहिलेले सुरेश चांदवणकर यांनी, तबकड्यांचा इतिहास हा अभ्यासविषय आहे हे आपल्या नियतकालिकातून आणि मराठी-इंग्रजी लेखनातून दाखवून दिले. लक्षात घेण्याजोगे हे, की चांदवणकर पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. मराठी भावगीताचे एक आद्य गायक आणि एचएमव्हीचे दीर्घकाळचे अधिकारी ग. ना. जोशी यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' हे आत्मपर पुस्तक आपण आत्मचरित्राच्या यादीत वाचतो. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहाराचा दस्तऐवज म्हणून ते अभ्यासक्रमात येत नाही. मराठीच्या विभागांनी हा प्रदेश संग्राहकांवर आणि दर्दींवर सोपवून दिला. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. आपल्याच इमारतीतल्या कपाटात काय बंद होते आहे, याची हळहळ कोणी केली नाही.

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. एका शहरातल्या चार-पाच महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मिळून एक चालता संच ठेवावा: तिन्ही गतींचे एक टर्नटेबल आणि त्याच्या दोन सुया, एक कॅसेट डेक, 'मोनो' बटण असलेला एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर. तो जुन्यातूनच उभा करावा, आणि त्याच्याबरोबर दुरुस्तीची वही ठेवावी. परिसरातला जो जुना मेकॅनिक अजून काम करतो आहे, त्याला दुरुस्तीपुरते मागच्या दाराने न बोलावता वर्गात बोलवावे, आणि आपण पाहुण्या व्याख्यात्याला देतो ते मानधन त्याला द्यावे. त्याच्या शब्दांचा संग्रह हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी चांगला प्रकल्प होईल. लोकसाहित्याच्या प्रबंधांसोबतच्या फितींची यादी विद्यापीठनिहाय करावी. निदान कुठल्या कपाटात काय आहे हे तरी कळेल. आणि ज्यांचे आवाज त्या फितींवर आहेत त्यांच्या घरी एक प्रत पोहोचवावी. उलव्यासारख्या ठिकाणी, जिथे गावच जागेवर उरलेले नाही, तिथे ही प्रत देणे संशोधनाच्या शिष्टाचारापलीकडचे कर्तव्य ठरते.

हे सारे जमेपर्यंत एक गोष्ट कोणालाही एकट्याने करता येण्यासारखी आहे. पुढच्या वेळी निर्लेखनाची यादी सहीसाठी विभागात फिरेल, तेव्हा ती परत पाठवण्यापूर्वी कपाट उघडावे, आतल्या फिती आणि तबकड्या मोजाव्यात, आणि यादीतल्या यंत्राशिवाय त्या कशावर वाजणार आहेत, एवढाच प्रश्न लेखी विचारावा. त्याला उत्तर येईपर्यंत सही करू नये.